पिकअप पहाटे चालू झाल्यावर दीड-दोन मिनिटं थरथरते, पांढरा धूर. गरम झाली की एकदम ठीक

शिवारफेरी · ९ डिसेंबर, रात्री ८.४०

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१५ ची दीड टनी पिकअप आहे. अडीच लिटरचं चार सिलिंडर कॉमन रेल डिझेल (म्हणजे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल), एक लाख नव्वद हजार किलोमीटर झालेत. ओतूरच्या आसपासच्या वस्त्यांवरून दूध गोळा करून केंद्रावर पोचवायचं, हे रोजचं काम. पहाटे सव्वाचारला गाडी हलली नाही तर शेवटच्या वस्तीवरचं दूध उन्हं वर येईपर्यंत कॅनमध्ये पडून राहतं आणि नुकसान त्या घराचं होतं. म्हणून जिवाला घोर लागलाय.

तीन आठवड्यांपासून असं होतंय: चावी फिरवली की हीटरची (थंड सिलिंडर तापवणाऱ्या प्लगची) पिवळी खूण लागते न लागते तोच विझते. मग सेल्फ मारतो, नेहमीपेक्षा जास्त, चार-पाच सेकंद. इंजिन धरतं, पण अख्खी केबिन हलते, आरशात मागचं काही दिसत नाही. गाडी सरळसरळ मिसिंग मारते, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाही. मागून पांढरा धूर, डोळे चुरचुरतात. दीड-दोन मिनिटांनी आपोआप सुरळीत. नंतर दिवसभरात दहा वेळा बंद-चालू केली तरी अर्ध्या सेल्फला उठते. ताकद, अ‍ॅव्हरेज, सगळं पूर्वीसारखं.

गॅरेजला दोनदा नेली. दोन्ही वेळा तिथे पोचेपर्यंत गाडी गरम, त्यांना काही दिसलंच नाही. स्कॅनरला एकही कोड (बिघाडाचा नंबर) नाही. शेवटी म्हणाले, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) गेले असतील, चारही काढून टेस्टिंगला पाठवू, पन्नास हजारांच्या आसपास धरून चला. एवढे पैसे घालायच्या आधी इथे विचारतोय.

सह्यकडा · ९ डिसेंबर, रात्री ९.०५

डिझेल फिल्टर कधी बदललाय? माझ्या गाडीला असंच होत होतं. फिल्टरखालच्या पाणी काढायच्या कॉकची रबरी रिंग चिरली होती, तिथून रात्रभर एअर धरायची. सकाळी चालू करायच्या आधी हातपंपाचा फुगा दाबून बघा. मऊ लागला तर डिझेल मागे टाकीकडे उतरलंय.

रानवाट · ९ डिसेंबर, रात्री ९.२०

आमचे वडील थंडीत टाकीत चार-पाच लिटर रॉकेल घालायचे. करून बघा.

नोझलपंप · ९ डिसेंबर, रात्री १०.१५

रॉकेल अजिबात घालू नका. आधी हे लिहितो, कारण आज रात्रीच कोणीतरी घालेल. जुन्या इंजिनांचे पंप ते सहन करायचे. कॉमन रेलच्या पंपाला आणि नोझलला वंगण म्हणून फक्त डिझेलच असतं, आणि रॉकेलचा वंगणगुण डिझेलपेक्षा कमी. पंप खरवडला की त्याचा कीस थेट रेल आणि नोझलमध्ये जातो. शिवाय आपल्याकडच्या थंडीत डिझेल गोठत नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं, ते तिथल्या थंडीसाठी. जुन्नर तालुक्यातल्या आठ-नऊ अंशांना पंपावरचं नेहमीचं डिझेल पुरेसं आहे.

आता मुद्द्याचं. मी सांगलीकडे पंप-नोझलचं काम सव्वीस वर्षं करतोय. नोझल काढून देऊ नका, निदान अजून नाही. कारण सांगतो.

नोझल आतून झिजला की त्याचा रिटर्न वाढतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जायचं डिझेल परतीच्या नळीने टाकीकडे पळतं. रेलमध्ये साधारण २०० ते २५० बार दाब उभा राहिला नाही तर इंजिन उठत नाही. पण हा त्रास गरम गाडीला जास्त होतो. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतून आणखी सुटतं. अशी गाडी पहाटे उठते आणि दुपारी चहाच्या टपरीवर रुसते. तुमचं बरोबर उलटं आहे. नोझल ठिबकत असेल तर थंडीतही त्रास देतो, पण मग गरम झाल्यावरही ठोका ऐकू येतो आणि चढाला काळा धूर निघतो. तो तुम्ही लिहिलेला नाही.

डिझेलला ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारा पेटतो. पहाटे लोखंड गार असतं, ती उष्णता हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि पिस्टन खाऊन टाकतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग दिलेला असतो, तो टोकाला लाल होऊन आठशे-नऊशे अंशांवर जातो. ज्या सिलिंडरचा हीटर मेला तिथलं डिझेल न पेटताच बाहेर पडतं. तोच तुमचा पांढरा, डोळे झोंबवणारा धूर. दीड मिनिटात बाकीचे सिलिंडर ब्लॉक तापवतात आणि तोही पेटायला लागतो.

तरी मला चार गोष्टी हव्यात. धुराला कच्च्या डिझेलचा वास आहे की गोडसर, म्हणजे कूलंटचा? कूलंट कमी होतंय का? सेल्फ जोरात फिरतो की ओढत? आणि सह्यकडा म्हणतात तसा फुगा सकाळी कडक आहे का? सगळं गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच बघायचं. तुमच्या गाडीचा पुरावा पहिल्या दोन मिनिटांत आहे, नंतर तो पुसला जातो. गॅरेजवाल्याला तो मिळालाच नाही, म्हणून त्याने नोझल म्हटलं.

बर्फातला वऱ्हाडी · ९ डिसेंबर, रात्री ११.५०

मी एडमंटनला असतो. इथे उणे तीसला इंजिनचा ब्लॉक हीटर रात्रभर विजेला जोडून ठेवतात, पार्किंगमध्येच प्लग असतात. माझी पिकअप पेट्रोलची, व्ही-आठ. तीही सकाळी वीस सेकंद मिसिंग मारून मग ठीक व्हायची. मी इग्निशन कॉइल बदलले, स्पार्क प्लग बदलले, फरक शून्य. कूलंट महिन्याला अर्धा लिटर कमी होत होतं, त्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. एका मेकॅनिकने संध्याकाळी कूलंटच्या सिस्टिममध्ये १५ पीएसआय दाब भरून गाडी रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी प्लगच्या भोकांतून कॅमेरा घातला. एका पिस्टनवर कूलंटचं थारोळं. हेड गॅस्केट गेलेलं, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधली सीलची पट्टी. त्या सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ होता, तो आधीच बघायला हवा होता. म्हणून नोझलपंप यांचा कूलंटचा प्रश्न सोडून देऊ नका.

शिवारफेरी · १० डिसेंबर, सकाळी ९.३०

सगळ्यांचे आभार. आज पहाटे बघितलं. फुगा दगडासारखा कडक, म्हणजे डिझेल उतरत नाही. फिल्टर दिवाळीतच बदललाय. कूलंट खुणेवर, गेल्या चार महिन्यांत ओतलेलं नाही. धुराला कच्च्या डिझेलचाच वास, कपड्यांना लागून राहतो. सेल्फ जोरात फिरतो, मल्टिमीटर लावला होता, सेल्फ मारताना बॅटरी १०.४ च्या खाली गेली नाही.

नोझलपंप दादा, कोणता सिलिंडर मिसिंग मारतोय हे कसं काढू? गावातले एक जुने मिस्त्री म्हणाले, एकेक नोझलची नळी ढिली करून बघतो.

नोझलपंप · १० डिसेंबर, सकाळी ९.४२

नाही! त्यांना हात जोडून सांगा, कॉमन रेलची नळी चालू इंजिनवर ढिली करायची नाही. जुन्या पंपाच्या इंजिनांवर आम्हीही तसंच करायचो, नट अर्धा आटा सोडला आणि आवाज बदलला नाही की तो सिलिंडर मेलेला. रेलमध्ये आयडलिंगलाही अडीचशे-तीनशे बार असतात, रेस दिली की हजाराच्या वर. ती धार डोळ्याला दिसत नाही आणि कातडी फोडून आत शिरते. माझ्या ओळखीच्या एका फिटरची तर्जनी अशीच गेली. बाहेरून टाचणी टोचल्याएवढं भोक होतं, म्हणून तो दोन दिवस दवाखान्यात गेला नाही, आणि तोपर्यंत आतून बोट सडलं. असं कुणाला झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला सर्जनकडे.

नोझलचे वायरचे कनेक्टरही चालू गाडीवर ओढू नका. त्यांना बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज असतं.

सोपी रीत: एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा पत्रा आज संध्याकाळी काढून ठेवा. पहाटे चालू करून चाळीस सेकंदांनी बंद करा आणि प्रत्येक सिलिंडरच्या नळीचं तापमान बघा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर उत्तम, पण कोविडातला कपाळाचा नको, त्याचा पल्ला माणसाच्या तापापुरता असतो. नाहीच मिळाला तर इंजिन बंद असताना हात लावा. पेटलेल्या सिलिंडरची नळी कोमट लागते, न पेटलेल्याची गार.

मांडवीकाठ · १० डिसेंबर, दुपारी १.१५

धाग्यात घुसतो, माफ करा. माझी छोटी सीएनजी पिकअप, फोंड्याला असतो. सकाळी चालू होताना अडखळते, मिनिटभराने गॅसवर गेली की छान. पेट्रोलवर मी चालवतच नाही.

तारतंत्री · १० डिसेंबर, दुपारी २.००

मांडवीकाठ, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. बहुतेक सीएनजी गाड्या थंड असताना पेट्रोलवर उठतात आणि रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) कूलंटची ऊब मिळाली की गॅसवर जातात. तुमच्या टाकीच्या तळाशी दोन-तीन लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने पडून आहे. ते शिळं होतं, पेट्रोलचे इंजेक्टर चिकट होतात. टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरा, आठवड्याला पंधरा-वीस किलोमीटर पेट्रोलवर चालवा. त्याने गेलं नाही तर इंजेक्टर साफ करून घ्या. त्याच्यापुढे गेलं तर वेगळा धागा काढा.

शिवारफेरी · ११ डिसेंबर, सकाळी १०.१०

केंद्रावर दूध थंड करायच्या टाकीचा मेकॅनिक येतो, त्याच्याकडून इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. पहाटे चार वाजता, बाहेर ९ अंश. डोक्याला बॅटरी बांधून बोनेटमध्ये वाकलो, मुलाने सेल्फ मारला. चाळीस सेकंदांनी बंद. पहिली नळी ४१ अंश, दुसरी ३९. तिसरी १७, चौथी १९. खात्री म्हणून हात लावला. दोन कोमट भाकरीसारख्या, दोन पहाटेच्या वरवंट्यासारख्या गार. तीन आठवडे जे नुसतं हादऱ्यातून कळत होतं ते बोटांना कळलं.

नोझलपंप · ११ डिसेंबर, सकाळी १०.३०

वा. शाबास. तीन आणि चारचे हीटर तपासा. चारही प्लगना जोडणारी पट्टी काढा, छोटे नट आहेत, खाली पडू देऊ नका. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी प्लगच्या टोकाला. पेटला तर प्लगची तार शाबूत. मल्टिमीटर चांगला असेल तर गार प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो. पट्टी परत बसवून चावी फिरवल्यावर पट्टीवर किती व्होल्ट येतात तेही मोजा. हे विसरू नका, प्लग चांगला असून वीजच येत नसेल तर काय उपयोग.

शिवारफेरी · ११ डिसेंबर, संध्याकाळी ६.४५

१ पेटला, २ पेटला, ३ नाही, ४ नाही. पट्टीवर ११.४ व्होल्ट आले, सेकंदभरच, मग शून्य.

दोन बदलू की चारही? आणि मग स्कॅनरने कोड का नाही दाखवला?

नोझलपंप · ११ डिसेंबर, संध्याकाळी ७.२०

चारही. दोन एकाच वयाचे मेले, राहिलेले पुढच्या थंडीपर्यंत टिकतील याचा भरवसा नाही आणि प्लग काही महाग वस्तू नाही. कोडचं असं, ज्या गाड्यांना प्रत्येक प्लगची वेगळी वायर आहे त्यांना पी ०६७१ ते पी ०६७४ असे सिलिंडरवार कोड येतात. तुमच्याकडे एक रिले आणि एक पट्टी. चारपैकी दोन मेले तरी गाडीला पत्ता लागत नाही.

काढताना मात्र घाई करू नका. रात्री प्लगच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल सोडा. सकाळी गाडी फिरवून आणा, इंजिन गरम असतानाच काढा. छोटा पान्हा, हाताचा जोर, थोडं सोडा, थोडं परत आवळा, पुन्हा सोडा. अडला तर थांबा.

सह्यकडा · ११ डिसेंबर, संध्याकाळी ७.५०

याला दुजोरा. माझ्या भावाच्या गाडीचा हीटर थंड इंजिनवर लांब पान्ह्याने काढायला गेले, टोक हेडमध्येच तुटलं. हेड उतरवावं लागलं. हजार-बाराशेचं काम वीस हजारांत गेलं.

शिवारफेरी · १३ डिसेंबर, सकाळी १०.२५

काल चारही हीटर बदलले. दोन सहज आले, चौथ्याला पाऊण तास गेला पण अख्खा निघाला. तिसऱ्याचं टोक फुगून चिरलं होतं.

आज पहाटे गाडी लवकर धरली, चारही नळ्या कोमट. पण अजून अर्धा मिनिट आयडलिंग खाली-वर होतं आणि पांढुरका धूर येतो. पूर्वीच्या मानाने पाव त्रास, पण आहे. आता नोझलच का?

तारतंत्री · १३ डिसेंबर, सकाळी ११.००

थांबा. मी ऑटो-इलेक्ट्रिकचं काम करतो, धागा पुन्हा पहिल्यापासून वाचला. पहिल्याच पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय, हीटरची खूण लागते न लागते तोच विझते. परवा लिहिलंत, पट्टीवर व्होल्टेज सेकंदभरच. नऊ अंशांना ती खूण काही सेकंद राहायला हवी, आणि गाडी उठल्यावरही हीटरला काही काळ वीज मिळत राहायला हवी. धूर आवरायचं काम त्या नंतरच्या वेळेचं आहे.

हीटरला किती वेळ वीज द्यायची हे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) कूलंटच्या तापमानावरून ठरवतो. चालू करताना डिझेल किती सोडायचं तेही त्यावरूनच. पहाटे स्कॅनर लावा, फक्त चावी ऑन करा, सेल्फ नको. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी वाचा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. मोबाइलला जोडायचा साधा स्कॅनरही हे दाखवतो.

नोझलपंप · १३ डिसेंबर, सकाळी ११.१०

बरोबर आहे. खूण विझते हे मी वाचलं होतं आणि पुढे गेलो, नजर मेलेल्या हीटरवर होती. तारतंत्री सांगतात ते करा.

शिवारफेरी · १४ डिसेंबर, सकाळी ९.१५

पहाटे ४.०५. हवा ११ अंश. कूलंट ४६ अंश!

रात्री आठपासून गाडी अंगणात उभी. बोनेट उघडून रेडिएटरला हात लावला तर बर्फ.

तारतंत्री · १४ डिसेंबर, सकाळी ९.३०

सापडला. कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलतोय, म्हणून ईसीयूला इंजिन गरम वाटतं आणि तो हीटरची वीज लगेच तोडतो. ४६ ही इंजिनला शक्य असलेली संख्या आहे, त्यामुळे ईसीयूला तक्रार करायला जागा नाही, म्हणून कोड नाही. वायर तुटली असती तर लगेच कोड आला असता. डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका, तुमच्या गाडीत त्याचा सेन्सर वेगळा असेल.

नवा सेन्सर लगेच विकत घेऊ नका, आधी कनेक्टर काढून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा, पहाटेच. या जातीच्या सेन्सरचा रोध गार असताना जास्त, तापला की कमी. दहा अंशांना पावणेचार हजार ओहमच्या आसपास, वीसला अडीच हजार, ऐंशीला तीनशेच्या थोडा वर. ठीक निघाला तर दोष वायरिंगमध्ये.

शिवारफेरी · १५ डिसेंबर, रात्री ८.००

पहाटे मोजला: ९५० ओहम. नवा सेन्सर आणला, साडेचारशे रुपये. बसवायच्या आधी घरीच तपासला. स्टीलच्या वाटीत माठातलं पाणी, दुधाचा थर्मामीटर, त्यात सेन्सरचं टोक. २१ अंशांना २,४०० च्या आसपास. मग चहाच्या भांड्यातलं गरम पाणी थोडं थोडं ओतत गेलो, आकडा उतरत गेला, ८० ला ३२० पर्यंत आला. जुनाही त्याच वाटीत बुडवला. गार पाण्यात हजाराच्या खालीच, गरम पाण्यात मात्र जवळजवळ बरोबर. म्हणजे गरम गाडीत तो खरं बोलत होता. बायको आणि मुलगा दोघंही बघत बसले होते, मुलाने वहीत दोन्हींचे आकडे उतरवून घेतले.

दुपारी गार इंजिनवर बसवला. सांडलेलं पाऊण लिटर कूलंट भरलं, एअर काढली. उद्या पहाटे कळेल.

रानवाट · १५ डिसेंबर, रात्री ८.३०

रॉकेलचं मीच सुचवलं होतं. बरं झालं तुम्ही घातलं नाही. माझी गाडीही २०१६ ची कॉमन रेल आहे, मीही बंद करतोय. वहीतले आकडे इथे टाका, उपयोगी पडतील.

शिवारफेरी · १६ डिसेंबर, सकाळी ९.४०

पहाटे ४.१०, बाहेर ८ अंश. स्कॅनरवर कूलंट ९, हवा ९. चावी ऑन केली, पिवळी खूण लागली ती लागलेलीच राहिली. मुलगा मोजत होता, सहा आकडे झाल्यावर विझली. सेल्फ मारला, अर्ध्या सेल्फला धरली. आयडलिंग नेहमीपेक्षा जरा वर, एका सुरात. आरशात गोठ्यातला दिवा स्थिर दिसत होता. धूर पहिल्या दोन सेकंदांत पुसटसा, मग काही नाही.

सव्वाचारला निघालो. शेवटच्या वस्तीवरच्या आजी कॅन घेऊन बाहेर येऊन थांबतात, त्या म्हणाल्या, आज गाडीचा आवाज लांबून ओळखू आला नाही.

मुलाच्या वहीतले आकडे, नव्या सेन्सरचे: २१ ला २,४००. ३० ला १,६७०. ४० ला १,१५०. ६० ला ५९०. ८० ला ३२०. हे माझ्या मल्टिमीटरचे आहेत, थोडे इकडे-तिकडे धरा.

तारतंत्री · १६ डिसेंबर, सकाळी १०.०५

आकडे बरोबर आहेत. जुना सेन्सर टाकू नका, कनेक्टरच्या बाजूने फोडून बघा, आत कूलंट शिरलं असेल तर हिरवट डाग दिसेल. तसं असेल तर वायरिंगचा कनेक्टरही साफ करून घ्या, नाहीतर नव्यालाही तेच होईल.

शिवारफेरी · १६ डिसेंबर, दुपारी १२.३०

फोडला. हिरवट डाग आहे. कनेक्टरच्या एका पिनेलाही थोडा लागलाय, संध्याकाळी घासून साफ करतो.